१९५८ चा 'ड्रॅक्युला' पाहताना नजर कुठे ठेवायची?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. तुम्हाला भयपटांची आवड आहे, नवे-जुने बरेच पाहून झाले आहेत. जाणकार मंडळी हॅमर कंपनीच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'चं नाव फार आदरानं घेतात, म्हणून एका रात्री लॅपटॉपवर तो लावलात. भीती वाटली नाही. रक्त पोस्टर कलरसारखं दिसलं, दोन ठिकाणी हसू आलं, आणि ज्याच्या नावावर चित्रपट आहे तो ड्रॅक्युला तर जेमतेम काही मिनिटं पडद्यावर असतो. तेव्हा तुमचं विचारणं असं, की यात खरंच काही आहे, की केवळ जुना म्हणून त्याला मान मिळतो?

जुना आहे म्हणून कुठल्याही चित्रपटाला मान देऊ नये. मी पंचवीसेक वर्षं संकलनाचं काम केलं आणि गेली बारा वर्षं फिल्म सोसायट्यांमध्ये आणि विद्यार्थ्यांच्या रसास्वाद वर्गांत चित्रपट दाखवते. हा चित्रपट मी दरवर्षी एकदा तरी दाखवते, आणि तुमच्याशी जे झालं ते पहिल्या खेपेला वर्गातल्या निम्म्या मुलांशी होतं. त्यामुळे तुमचं काही चुकलं असं मला मुळीच वाटत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. दचकणं हेच भयपटाचं काम, अशी तुमची पक्की धारणा असेल तर हा चित्रपट तुम्हाला कधीच फारसा आवडणार नाही, आणि त्यात गैर काही नाही. पाहिलेली प्रत कुठली होती यानंही फरक पडतो. या चित्रपटाच्या वेगवेगळ्या प्रतींत रंग वेगवेगळे दिसतात. काही निळसर आहेत, काही फिकट पडलेल्या. खोलीतला दिवा चालू होता का, मधे फोन पाहिला का, एकट्यानं पाहिलात की मित्रांच्या घोळक्यात, हेही आलंच. घोळक्यात पहिलं हसू आलं की पुढचं सगळं विनोदीच दिसू लागतं, हे मी वर्गात अनेकदा पाहिलंय.

पण हे सगळं जमून आलं तरी एक अडचण उरते, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. भीती जिथून येईल असं तुम्हाला वाटलं, त्या जागेवर तुम्ही डोळे लावून बसला होता, म्हणजे सुळ्यांवर, रक्तावर आणि ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शक टेरेन्स फिशर यांनी ती भीती दुसरीकडे ठेवली आहे. ती दारांत, खिडक्यांत, जिन्यांवर आणि कुणी कुठली कडी काढली यात आहे. मी विद्यार्थ्यांना एकच सूचना देते: ड्रॅक्युलाकडे कमी पाहा, दारांकडे जास्त पाहा. ही सूचना कुठून आली ते आता सविस्तर सांगते.

हॅमर ही छोटी ब्रिटिश कंपनी. थेम्सच्या काठी ब्रे इथे एका जुन्या वाड्यात त्यांनी आपला स्टुडिओ थाटला होता. १९५७ साली त्यांनी फ्रँकेन्स्टाइनच्या कथेवर रंगीत चित्रपट काढला, तो जोरात चालला, आणि त्याच चमूनं त्या वर्षाच्या शेवटी 'ड्रॅक्युला'चं चित्रीकरण सुरू केलं. दिग्दर्शन फिशर यांचं, पटकथा जिमी सँग्स्टर यांची, छायाचित्रण जॅक अॅशर यांचं, नेपथ्य बर्नार्ड रॉबिन्सन यांचं, संगीत जेम्स बर्नार्ड यांचं. पैसा होता सुमारे ८१ हजार पौंड, त्या काळीही चित्रपटासाठी ही रक्कम लहानच. एवढ्या पैशात ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी जशीच्या तशी मावणं शक्य नव्हतं. म्हणून सँग्स्टर यांनी जहाजाचा प्रवास काढला, लंडन काढलं, वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड काढला. ड्रॅक्युलाचं वटवाघूळ किंवा लांडगा होणंही काढलं. उलट ती केवळ लोकांची चुकीची समजूत आहे, असं ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगच्या तोंडून वदवून घेतलं. उरलं काय? एक किल्ला, एक कुटुंबवत्सल घर, आणि त्या दोहोंच्या मधली घोडागाडीची वाट. माझ्या दृष्टीनं या चित्रपटाचं नशीब इथेच फळफळलं, कारण सगळी गोष्ट दोन वास्तूंची होऊन बसली.

पहिली वास्तू म्हणजे किल्ला. १९३१ च्या अमेरिकन 'ड्रॅक्युला'त, ज्यात बेला लुगोसी ड्रॅक्युला झाले होते, किल्ला भग्न आहे. भलीमोठी कोळिष्टकं आहेत आणि जमिनीवर आर्माडिलो नावाचे कवचधारी प्राणी फिरताना दिसतात. रॉबिन्सन यांचा किल्ला आठवून पाहा. झाडलेला, लखलखीत, शेकोटी पेटलेली, टेबलावर जेवण मांडलेलं, सोबत यजमानाची चिठ्ठी. पाहुणा म्हणून इथे कुणीही खुशाल राहील. ग्रंथपालाच्या नोकरीचं निमित्त करून ड्रॅक्युलाला संपवायला आलेला जोनाथन हार्कर किल्ल्याजवळ पोहोचतो तेव्हा निवेदनात एवढंच म्हणतो, की इथे पक्षी गात नाहीत आणि हवा एकदम गार झाली. भरदिवसा, स्वच्छ उजेडात, पाखरांचा आवाज नाही. तुम्ही लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर पाहिलात, तर तो सन्नाटा तुमच्यापर्यंत पोहोचला नसणार.

मग ड्रॅक्युलाचं पहिलं दर्शन. जिन्याच्या वरच्या टोकाला एक काळी उंच आकृती उभी राहते आणि संगीत अंगावर कोसळतं. आता तो झेप घेणार, अशी आपली खात्री होते. १९५८ च्या प्रेक्षकाचीही झाली असणार, कारण लुगोसींचा संथ, हात पसरून बोलणारा काउंट त्याच्या डोक्यात होता. आणि काय होतं? तो माणूस भराभरा जिना उतरतो, उजेडात येतो, आणि एक देखणा, अदबशीर, घाईत असलेला गृहस्थ आपली ओळख करून देतो. पाहुण्याची बॅग उचलतो आणि एका दमात जिना चढून खोली दाखवायला नेतो. ड्रॅक्युला झालेले ख्रिस्टोफर ली सहा फुटांहून बरेच उंच होते, आणि त्या उंचीला असलेली चपळाई इथे पहिल्यांदा दिसते. हा प्रसंग विनोदी नाही, पण ताण सैल करणारा आहे. यजमान भला दिसतो म्हणून आपण दार उघडं ठेवतो, इथे 'आपण' म्हणजे प्रेक्षक.

त्याच्या पुढे लींच्या तोंडी फार थोडी वाक्यं आहेत. हार्करशी बोलणं संपलं की ड्रॅक्युला उरलेल्या चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. तुम्ही ही उणीव मानली असेल, मी ती ताकद मानते. सभ्यपणा होता तोवर भाषा होती. सभ्यपणा गळून पडला आणि भाषाही गेली.

तो गळून पडण्याचा प्रसंग ग्रंथालयातला. व्हॅलरी गाँट यांनी केलेली, किल्ल्यात राहणारी स्त्री हार्करकडे मदत मागत येते, त्याला बिलगते. तिचा चेहरा त्याच्या खांद्यावर आहे, म्हणजे तो हार्करला दिसत नाही आणि आपल्याला दिसतो. त्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलतं. ती चावते. आणि त्याच क्षणी कट, म्हणजे दृश्य एकदम बदलतं, दारात ड्रॅक्युला: डोळे लाल, ओठांवर आणि हनुवटीवर रक्त, सुळे बाहेर. लुगोसींच्या चित्रपटात सुळे दिसतच नाहीत, हे इथे ध्यानात ठेवा. पुढच्या काही क्षणांत तो टेबल ओलांडून झेप घेतो, तिला फेकतो, हार्करचा गळा एका हातानं आवळतो.

संकलक म्हणून सांगते, या प्रसंगाचा सगळा जोर त्या एका कटवर आहे. फिशर दिग्दर्शक होण्यापूर्वी स्वतः संकलक होते आणि ते इथे दिसतं. दार उघडताना दाखवलेलं नाही, पावलं नाहीत, येण्याची चाहूल नाही. तोपर्यंत चित्रपट दारं शांतपणे उघडताना दाखवत आला आहे. इथे दाराची कृती गाळली आणि थेट परिणाम दाखवला. कोणत्याही संकलकाला विचारा, हा मोह आवरणं किती अवघड असतं: दार उघडण्याचा एक शॉट हाताशी असताना तो न वापरणं! मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग आवाज बंद करून दोनदा दाखवते. दुसऱ्या खेपेला ते खुर्चीत पुढे सरकून बसतात.

याच्या नेमकं उलट आहे तळघराचा प्रसंग. हार्करच्या लक्षात येतं की आपल्याला चावा घेतला गेलाय. दिवस मावळायच्या आत काम उरकायला तो खाली उतरतो. दोन शवपेट्या, एकीत ती स्त्री, दुसरीत ड्रॅक्युला. तो आधी तिच्या छातीत खुंटा ठोकतो. इथे वर्गातली मुलं नेहमी चिडतात, की आधी ड्रॅक्युलाला का नाही? रास्त राग आहे, त्याबद्दल पुढे बोलते. ठोकून होतं तोवर सूर्य बुडतो. हार्कर वळून पाहतो तर दुसरी पेटी रिकामी. वर, पायऱ्यांच्या टोकाला, दारात ड्रॅक्युला उभा. तो दार लावून घेतो. पडदा काळा होतो. बस. हार्करचं काय झालं ते फिशर दाखवत नाहीत. एक दार आतून बंद झालं, एवढंच आपण पाहिलं.

हे लक्षात आलं की चित्रपटाचा दुसरा भाग वेगळाच दिसू लागतो. दुसरी वास्तू म्हणजे आर्थर होल्मवुड यांचं घर. खातंपितं, प्रतिष्ठित, मोलकरीण असलेलं, पडदे लावलेलं. हार्करनं आपली सोबतीण मारली म्हणून ड्रॅक्युला हार्करची वाग्दत्त वधू ल्यूसी निवडतो. ती आर्थरची बहीण, आजारी, अंथरुणाला खिळलेली. रात्री सगळे निघून गेल्यावर ती उठते, गच्चीकडचं काचेचं दार उघडते, गळ्यातला क्रूस काढून ठेवते आणि पुन्हा अंथरुणावर येऊन पडते. बाहेर वाऱ्यावर पानं उडताहेत. ती दाराकडे पाहत राहते. कॅरल मार्श यांनी ती वाट पाहणं कसं केलंय ते बघा. त्यात भीती आहे, आणि जिची वाट पाहतोय त्या गोष्टीची ओढही आहे. दार तिनंच उघडलंय.

आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं सांगायची, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये, दिवेलागणीला दार सताड उघडं टाकू नये. का, ते कुणी फारसं सांगत नसे. मी लहानपणी आजोळी ते ऐकलंय, आणि या चित्रपटातला ल्यूसीचा प्रसंग पाहताना मला नेहमी तो उंबरठा आठवतो. उंबरठा ही आत आणि बाहेर यांच्यामधली जागा. तिथे कुणाचंच राज्य नसतं. स्टोकरच्या कादंबरीत तर स्पष्ट नियमच आहे, की घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा आत येता येत नाही. चित्रपट तो नियम तोंडानं सांगत बसत नाही, ल्यूसीच्या हातानं करून दाखवतो.

नंतर व्हॅन हेल्सिंग लसणाची फुलं लावायला सांगतो, खिडक्या बंद ठेवायला सांगतो. ल्यूसी मोलकरीण गेर्डाच्या विनवण्या करते, की मला श्वास घेववत नाही, हा वास सहन होत नाही. गेर्डाला दया येते. ती फुलं बाहेर नेते, खिडकी उघडते. सकाळी ल्यूसी गेलेली असते. म्हणजे पहिलं दार इच्छेनं उघडलं, दुसरं मायेनं.

तिसरं दार मला सगळ्यात भेदक वाटतं. आर्थरची बायको मीना, म्हणजे मेलिसा स्ट्रिब्लिंग, नवऱ्याचा म्हणून आलेल्या खोट्या निरोपावर रात्री घराबाहेर पडते. सकाळी परत येते ती मानेभोवती कॉलर ओढून घेऊन, आणि चेहऱ्यावर एक हसू. त्या हसण्याबद्दल फिशर यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. शरीरसुखात न्हाऊन निघालेल्या रात्रीनंतर घरी येणाऱ्या बाईचा चेहरा हवा, अशी कल्पना त्यांनी स्ट्रिब्लिंग यांना दिली होती. आणि तसंच ते दिसतं. १९५८ च्या ब्रिटनमधली ही गोष्ट आहे. चित्रपटाला सोळा वर्षांखालच्यांना मज्जाव करणारं एक्स प्रमाणपत्र होतं आणि सेन्सॉरनं कात्री चालवली होती. पण त्या हसण्यावर कात्री चालवायची तरी कुठे? एका सभ्य घरातली सभ्य गृहिणी सकाळी दारातून आत येतेय आणि खूश आहे, एवढंच तर पडद्यावर आहे.

त्या रात्री आर्थर आणि व्हॅन हेल्सिंग घराबाहेर पहारा देतात. दोघं बागेत, डोळ्यांत तेल घालून. आणि ड्रॅक्युला आधीपासूनच आत असतो. त्याची पेटी मीनानं याच घराच्या तळघरात ठेवून घेतलीय, आणि बाईसाहेबांनी तळघरात जायला मनाई केलीय, हे गेर्डा सहज बोलता बोलता सांगून टाकते. सगळी दारं बाहेरून राखली, आणि धोका घराच्या पोटात. हा चित्रपट मला कुठे घाबरवतो असं विचाराल तर इथे, गेर्डाच्या त्या साध्या वाक्यावर. इतक्या वेळा पाहूनही ते वाक्य येण्याआधी माझे हात गार पडतात.

आता पीटर कुशिंग. ड्रॅक्युला थोडाच वेळ दिसतो ही तुमची तक्रार. ती भरून काढण्याचं काम कुशिंग यांच्या व्हॅन हेल्सिंगकडे आहे. तो फोनोग्राफवर आपल्या नोंदी बोलत असतो, एखादा डॉक्टर रोगाची लक्षणं नोंदवतो तसा: उजेड, लसूण, क्रूस. चावा घेतलेल्या माणसांची अवस्था तो व्यसनासारखी मानतो, की नको असतं आणि सोडवतही नाही. आणि हाच कोरडा वाटणारा माणूस स्मशानाच्या प्रसंगात काय करतो ते पाहा. ल्यूसी आता पिशाच्च झालीय आणि गेर्डाच्या छोट्या मुलीला, टान्याला, हाताला धरून घेऊन आलीय. व्हॅन हेल्सिंग ल्यूसीच्या कपाळाला क्रूस लावतो, कातडी भाजते, ती पळते. पुढच्या क्षणी तो त्या भेदरलेल्या मुलीपाशी बसतो, आपला लोकरी कॉलरचा कोट तिला गुंडाळतो, मऊ आवाजात तिच्याशी बोलतो, उगवता सूर्य पाहत इथेच बसून राहा म्हणतो. त्या दोन मिनिटांत कुशिंग यांनी जे केलंय त्यासाठी मी हा चित्रपट आयुष्यभर पाहीन. नंतर तो ल्यूसीच्या छातीत खुंटा ठोकतो तेव्हा आपण त्याला क्रूर म्हणू शकत नाही, कारण त्याच हातांनी टान्याला कोट घातलेला आपण नुकताच पाहिलाय.

त्या ठोकण्याच्या प्रसंगात फिशर आर्थरच्या चेहऱ्यावर जातात. मायकेल गॉफ यांचा तो चेहरा, बहिणीवर पडणारा प्रत्येक घाव झेलणारा. दिसतं थोडं, सोसलं जातं पुष्कळ.

रक्ताच्या रंगाबद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे. ते खऱ्या रक्तासारखं दिसत नाही, फार तांबडं आहे. पण आजवर भय बहुतांशी कृष्णधवल पाहिलेल्या प्रेक्षकाला ते काय वाटलं असेल, याचा विचार करा. शिवाय अॅशर यांची प्रकाशयोजना पाहिलीत तर चित्रपटभर निळे, पिवळसर, तपकिरी, हिरवट रंग पसरलेले आहेत आणि तांबडा फार जपून वापरलाय. श्रेयनामावलीच्या शेवटी ड्रॅक्युलाचं नाव कोरलेल्या दगडी पेटीवर तांबडे थेंब पडतात, तेव्हा त्या रंगाची पहिली नोंद होते. त्यानंतर तो प्रत्येक वेळी घंटेसारखा वाजतो. बर्नार्ड यांचं संगीतही तसंच थेट आहे. 'ड्रॅ-क्यु-ला' या तीन अक्षरांवर त्यांनी मुख्य सुरावट बांधली आहे. एकदा हे कळलं की पडद्यावर तो नसतानाही ऑर्केस्ट्रा त्याचं नाव घेताना ऐकू येतं. ड्रॅक्युला थोडाच वेळ दिसतो खरा, पण त्याचं नाव सतत कानांवर असतं.

दोषांकडेही डोळेझाक करणार नाही. हार्कर आधी त्या स्त्रीला मारतो याला कथेत पटेल असं कारण नाही. तो आधी ड्रॅक्युलाकडे वळला असता तर गोष्टच संपली असती, एवढंच. भूगोलाचा मेळ बसत नाही. सगळी माणसं जर्मन नावांच्या गावांत राहतात आणि पक्कं इंग्रजी बोलतात, नि किल्ला असा जवळ की रातोरात घोडागाडीनं गाठावा. सरहद्दीवरचा अधिकारी आणि प्रेतसंस्कार करणारा म्हातारा यांचे विनोद मला आजही लांबलेले वाटतात. तुम्ही हसलात ते बहुधा तिथे, आणि तिथे हसायचंच होतं. आणि स्त्रियांच्या इच्छेला इतकं नेमकं पकडणारा हा चित्रपट शेवटी त्या इच्छेवर खुंटा ठोकूनच घर सावरतो, हे मला खटकतं. वर्गात यावर वाद होतात. व्हावेत.

आता पुन्हा पाहायचा झाला तर. चित्रपट ८२ मिनिटांचाच आहे, एका बैठकीत होतो. रात्री, दिवे मालवून, हेडफोन लावून, शक्यतो एकट्यानं पाहा. प्रत मात्र २०१२ नंतरची डागडुजी केलेली घ्या. त्यामागे एक छान गोष्ट आहे. सेन्सॉरनं कापलेले काही तुकडे कायमचे गेले असं मानलं जात होतं. टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात या चित्रपटाची जुनी जपानी रिळं होती. १९८४ च्या आगीत त्यांतली काही खराब झाली होती, पण शेवटची रिळं वाचली. त्यांत मीनाच्या शयनगृहातल्या प्रसंगाचे आणि ड्रॅक्युलाच्या अंताचे हरवलेले क्षण सापडले आणि ते परत जोडले गेले. आयुष्यभर फिल्मचे तुकडे हाताळणाऱ्या माझ्यासारखीला ही बातमी वाचून रडू आलं होतं. आगीतून निघालेल्या फिल्मला हात लावायचं काम ज्यांनी केलं, त्यांचं धैर्य मला ठाऊक आहे.

पाहताना एक कागद जवळ ठेवा. दार किंवा खिडकी उघडली की कुणी उघडली ते लिहा, बंद झाली की कुणी केली ते लिहा. बाकी काही नको. माझ्या वर्गात हा कागद भरताना मुलं हळूहळू गप्प होतात, कारण यादीत ड्रॅक्युलापेक्षा घरच्याच माणसांची नावं जास्त होत जातात.

शेवटच्या प्रसंगात तुमची यादी तुम्हाला एका पडद्यापाशी घेऊन जाईल. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युलाचा अंत सुऱ्यांनी होतो, हार्करची कुकरी गळ्यावर आणि दुसऱ्याचा सुरा काळजात. सूर्यप्रकाशानं व्हॅम्पायर नष्ट होणं पडद्यावर आणलं १९२२ च्या जर्मन 'नोस्फेराटू'नं. फिशर यांनी ते उचललं आणि त्याला घराची वस्तू जोडली. व्हॅन हेल्सिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, झेपावून खिडकीचा पडदा ओढून खाली पाडतो, उजेड आत येतो, आणि तो दोन मेणबत्त्यांचे स्टँड एकमेकांवर आडवे धरून क्रूस करतो. पटकथेत इथे साधा क्रूस होता. मेणबत्तीच्या स्टँडची युक्ती कुशिंग यांनी सुचवली. आतापर्यंत प्रत्येक उघडलेली खिडकी ड्रॅक्युलासाठी होती. ही एकच त्याच्याविरुद्ध उघडते, आणि तीही त्याच्याच घरात.

तो राख होत असताना मधे एक शॉट मीनाच्या तळहाताचा येतो, ज्यावर आधी क्रूसानं भाजल्याची खूण उमटली होती. ती खूण पुसली जाते. मग वाऱ्यानं राख उडते आणि जमिनीवर त्याची अंगठी राहते. तिथे थांबा, प्रतीचा शेवट होईपर्यंत बंद करू नका, आणि मीनाचं सकाळचं ते हसू आठवून पाहा. ते कुठे गेलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तुमची यादी भरून झाली की तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की लिहा.